वेशभूषाकाराची कारकीर्द : भानू अथैया आणि वस्त्रांचा अभ्यास

दिवाळी आटोपली आणि धान घरी येऊ लागले, की वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार उभी राहते, नाटक होते. नाटकमंडळींबरोबर एक लोखंडी पेटी आलेली असते. तीत राजाचा झगा, राणीचा शालू, शिपायाचा सदरा आणि साधूची कफनी एकावर एक रचलेली असतात. आपल्या जुन्या रंगभूमीवर या साऱ्या सरंजामास ‘कपडेपट’ असे नाव आहे. आज हरिश्चंद्राने घातलेला झगा उद्या दुसऱ्या गावी अकबराच्या अंगावर दिसतो. प्रेक्षक दूर बसलेले असतात, दिव्यांचा प्रकाश बेताचा असतो आणि कथेत मन रमलेले असते. त्यामुळे त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे कॅमेरा पात्राच्या अगदी जवळ जातो. सदऱ्याचे बटण, लुगड्याचा काठ, धोतरावरील चिखलाचा डाग, सारे काही स्पष्ट दिसते. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या अंगावर कालच्या बाजारातील कापड दिसले, तर पाहणाऱ्याचा विश्वास उडतो. हा विश्वास राखण्याचे काम ज्याच्याकडे असते तो वेशभूषाकार होय. पडद्यावरील नट सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्याला त्या काळाचा आणि त्या गावाचा माणूस बनविणारा हा कलावंत बहुधा अज्ञातच राहतो.

या व्यवसायाची ओळख करून घेण्यासाठी भानू अथैया यांच्या कारकिर्दीसारखे दुसरे उदाहरण नाही. ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत, आणि त्या कोल्हापूरच्या एका मराठी घरातील कन्या होत्या.

कोल्हापूर ते मुंबई

भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्या काळी कोल्हापूर हे चित्रकलेचे आणि मराठी चित्रपटसृष्टीचे मोठे केंद्र होते. वडील अण्णासाहेब हे स्वतः चित्रकार व छायाचित्रकार होते आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटनिर्मितीशी त्यांचा संबंध होता. घरात रंग, कुंचले आणि चित्रे यांचा सहवास होता. वडिलांचे छत्र भानुमतींच्या बालपणीच हरपले. तथापि त्यांनी लावलेली चित्रकलेची गोडी मात्र टिकून राहिली.

पुढे त्या मुंबईस आल्या आणि सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. तेथे १९५१ साली त्यांना उषा देशमुख सुवर्णपदक मिळाले. मुंबईतील प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा त्या वेळी आधुनिक भारतीय चित्रकलेत नवे वळण आणणारा गट होता. या गटाच्या १९५३ सालच्या प्रदर्शनात भानू राजोपाध्ये यांची चित्रे मांडली गेली. पुरुष चित्रकारांच्या त्या मेळाव्यात त्या एकट्याच स्त्री होत्या.

अशा प्रकारे चित्रकार म्हणून त्यांचा मार्ग खुला झाला होता. परंतु केवळ चित्रे काढून निर्वाह चालविणे त्या काळी सुलभ नव्हते. म्हणून शिक्षणाबरोबरच त्यांनी स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाचित्रे काढण्याचे काम पत्करले. ‘ईव्ह्ज वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकातील त्यांची चित्रे वाचकांच्या पसंतीस उतरली. पुढे त्या साप्ताहिकाच्या संपादिकांनी कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा कागदावरील पोशाख प्रत्यक्ष कापडात उतरविण्याची संधी भानू यांना मिळाली. त्या दुकानात चित्रपटातील अभिनेत्री येऊ लागल्या, आणि येथूनच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले.

शिंप्याच्या कामापासून कलेपर्यंत

त्या काळच्या चित्रपटांत वेशभूषा हा स्वतंत्र विभाग मानला जात नसे. नायिकेचे कपडे तिच्या पसंतीच्या शिंप्याकडून येत आणि इतरांचे भाड्याने आणले जात. ते इस्त्री करून वेळेवर पोहोचविण्याचे काम ‘ड्रेसमन’ करी. सर्व पात्रांचा एकत्र विचार करणारे असे कोणी नसे.

कामिनी कौशल यांच्यासाठी १९५३ च्या सुमारास भानू यांनी पोशाख तयार केले. नंतर नर्गिस यांच्यामुळे राज कपूर यांच्याशी परिचय झाला, आणि ‘श्री ४२०’ (१९५५) मधील नादिरा यांचा झगा लोकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला. ‘सी.आय.डी.’ (१९५६) पासून गुरुदत्त यांच्या संस्थेशी त्यांचा संबंध आला. ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९) आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) या चित्रपटांची वेशभूषा त्यांचीच होय.

यांपैकी बरेच चित्रपट कृष्णधवल होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कृष्णधवल चित्रात लाल आणि हिरवा हे दोन रंग कित्येकदा एकाच करड्या छटेचे दिसतात. म्हणून वस्त्र निवडताना रंगापेक्षा त्याची गडद-फिकट छटा, पोत आणि प्रकाशात येणारी चमक यांचा हिशेब करावा लागे. तलम सुताची साडी आणि रेशमी साडी यांवर पडलेला प्रकाश सारखा दिसत नाही. चित्रकलेच्या शिक्षणात छायाप्रकाशाची जी जाण आली होती, ती येथे उपयोगी पडली.

अजिंठ्याच्या भिंतीवरून पडद्यावर

‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटाची कथा वैशालीच्या प्राचीन गणराज्यातील आहे. त्या काळचा एकही पोशाख आज उपलब्ध नाही. अशा वेळी कल्पनेने भरजरी वस्त्रे रंगविणे सोपे होते, आणि पौराणिक चित्रपटांत बहुधा तसेच घडत आले होते. भानू अथैया मात्र अजिंठ्यास गेल्या व लेण्यांतील भित्तिचित्रांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. त्या चित्रांत बहुतेक वस्त्रे न शिवलेली आहेत. कमरेस नेसलेले अंतरीय, खांद्यावरून घेतलेले उत्तरीय आणि कटीला बांधलेला पट्टा एवढ्यावरच सारी शोभा उभी राहते. वैजयंतीमाला यांच्या आम्रपालीची वस्त्रे याच अभ्यासातून निर्माण झाली. पुढे अनेक वर्षे प्राचीन काळातील स्त्री दाखवावयाची झाली, की चित्रपटांत आणि नृत्याच्या कार्यक्रमांत याच वेशाचे अनुकरण होत राहिले.

अभ्यासाबरोबर युक्तीही लागते. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मध्ये मुमताज यांना नारिंगी साडी नेसून वेगाने नृत्य करावयाचे होते. साधी साडी अशा नृत्यात सुटण्याची भीती असते. म्हणून निऱ्या आधीच शिवून, चेन बसवून, अंगासरशी राहणारी साडी तयार करण्यात आली. पाहणाऱ्यास ती नेसलेलीच वाटते, परंतु वास्तविक ती एक शिवलेले वस्त्र आहे. पुढे बाजारात तयार नेसावयाच्या साड्या आल्या, त्यांमागील कल्पनाही हीच होय.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की या व्यवसायाचे स्वरूप ध्यानात येते. एकीकडे इतिहासाचा अभ्यास आणि दुसरीकडे सुई-दोऱ्याचे कसब, या दोन्हींवर ज्याची पकड आहे तोच यशस्वी वेशभूषाकार होतो.

‘गांधी’ : वस्त्रांतून सांगितलेले चरित्र

रिचर्ड अॅटनबरो यांनी महात्मा गांधींच्या जीवनावरील चित्रपटासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले होते. अखेरीस २६ नोव्हेंबर १९८० रोजी चित्रीकरणास प्रारंभ झाला. भारतीय पात्रांच्या वेशभूषेचे काम भानू अथैया यांच्याकडे आणि ब्रिटिश बाजूचे, विशेषतः लष्करी गणवेशांचे काम जॉन मोलो यांच्याकडे होते.

या कामाचा विस्तार केवढा होता, हे पाहण्यासारखे आहे. कथा १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील आगगाडीच्या डब्यात सुरू होते आणि १९४८ साली दिल्लीत संपते. म्हणजे पंचावन्न वर्षांचा काळ आणि तीन खंडांतील समाज वस्त्रांतून दाखवावयाचा होता. त्यात वकील होते, खाणमजूर होते, नीळ पिकविणारे चंपारणचे शेतकरी होते, संस्थानिक होते आणि काँग्रेसचे पुढारीही होते. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर घेतले गेले, तेव्हा तीन लाखांहून अधिक लोक उपस्थित होते.

परंतु संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गांधीजींच्या जीवनात वस्त्र हे केवळ अंग झाकण्याचे साधन नव्हते, तर तो एक विचार होता. प्रारंभी ते विलायती सूट घालणारे बॅरिस्टर होते. १९१५ साली भारतात परतताना त्यांच्या अंगावर काठेवाडी अंगरखा आणि डोक्यावर फेटा होता. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी अंगभर कपडे सोडून पंचा स्वीकारला. कारण देशातील गरिबास तेवढेच वस्त्र मिळत होते. अशा चरित्रात वेशभूषा चुकली, तर चरित्रच चुकले असे म्हणावे लागेल. बेन किंग्जले यांच्या अंगावरील वस्त्र जसजसे कमी आणि जाडेभरडे होत जाते, तसतसा तो माणूस मोठा होत जातो. हा अर्थ संवादांतून सांगितलेला नाही. तो कापडातून सांगितला आहे. रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबांची साडीही याच क्रमाने साधी होत खादीपर्यंत येते.

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या समारंभात भानू अथैया आणि जॉन मोलो यांना वेशभूषेचे ऑस्कर पारितोषिक संयुक्तपणे प्रदान करण्यात आले. ‘गांधी’ला त्या वर्षी एकंदर आठ पारितोषिके मिळाली.

सन्मान आधी बाहेर, मग घरी

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आपल्या देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांस १९५४ साली प्रारंभ झाला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास मिळाले, हे सर्वांना विदित आहे. परंतु वेशभूषेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार १९८४ सालच्या चित्रपटांपासूनच देण्यात येऊ लागला. म्हणजे भानू अथैया यांना जगातील मानाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारच नव्हता. त्या वेळी त्या तीस वर्षे हे काम करीत होत्या.

हा दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हे. कापडाचे काम म्हणजे बायकांचे किंवा शिंप्याचे काम, त्यात विद्या ती कसली, अशी समाजाची जुनी समजूत त्यामागे होती. जे हात वस्त्र विणतात, रंगवितात आणि शिवतात, त्यांची नावे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पडद्यावरील श्रेयनामावलीत वेशभूषाकाराचे नाव येणे हा त्या समजुतीत पडलेला पहिला फरक होय.

पुढे ‘लेकिन’ या चित्रपटासाठी १९९० सालचा आणि ‘लगान’साठी २००१ सालचा राष्ट्रीय पुरस्कार भानू अथैया यांना मिळाला. ‘लगान’ची कथा १८९३ मधील एका दुष्काळी खेड्यात घडते व त्याचे चित्रीकरण कच्छमध्ये भूजजवळ झाले. त्यात एका बाजूस कोरडवाहू शेतकरी, लोहार, कुंभार आणि वैद्य होते. दुसऱ्या बाजूस छावणीतील इंग्रज अधिकारी व त्यांच्या स्त्रिया होत्या. एकाच चौकटीत हे दोन समाज समोरासमोर उभे राहतात, तेव्हा कोणी काही बोलण्यापूर्वीच त्यांच्यातील अंतर प्रेक्षकास कळते. ‘स्वदेस’ (२००४) नंतरही त्यांचे काम चालू राहिले. ‘नागरिक’ हा मराठी चित्रपट २०१५ साली आला, तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडली होती. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक चित्रपट आहेत. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दूरचित्रवाणीचे निराळे गणित

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १९५९ साली दिल्लीत झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण होऊ लागले. पुढे मालिका आल्या, खाजगी वाहिन्या आल्या व वेशभूषाकारांना काम मिळण्याचे क्षेत्र विस्तारले. आज या व्यवसायात येणाऱ्या पुष्कळ तरुणांचे पहिले काम मालिकेचेच असते.

चित्रपटात तयारीस काही महिने मिळतात. मालिकेत मात्र रोज चित्रीकरण चालते आणि उद्याचे कपडे आज सायंकाळपर्यंत सिद्ध असावे लागतात. खर्चाची मर्यादा असते. म्हणून तीच साडी निराळ्या चोळीवर, निराळ्या दागिन्यांसह पुन्हा वापरावी लागते. कॅमेऱ्याचेही काही नियम असतात. अत्यंत बारीक रेघा किंवा बारीक चौकडी पडद्यावर थरथरल्यासारखी दिसते. शुभ्र पांढरे वस्त्र प्रखर प्रकाशात डोळ्यांस खुपते, म्हणून ते किंचित मळकट रंगात बुडवून घेतात.

काम कसे चालते?

वेशभूषाकाराचे काम कापड खरेदीने सुरू होत नाही, ते वाचनाने सुरू होते. हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १९३० साली मध्य प्रांतात जंगल सत्याग्रह झाला आणि आपल्या शेजारच्या सिवनी जिल्ह्यातील तुरिया येथील सत्याग्रह प्रसिद्ध आहे. अशा एखाद्या प्रसंगावर मालिका करावयाची आहे असे समजू.

प्रथम पटकथा वाचून प्रत्येक दृश्याचा तक्ता करावा लागतो. दृश्य कोठे घडते, ऋतू कोणता, वेळ कोणती, पात्रे किती, पात्राचे वय, जात, धंदा आणि सांपत्तिक स्थिती काय, हे सारे त्यात येते. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. त्या वर्षी गोंड स्त्री लुगडे किती लांबीचे नेसत असे आणि ते गुडघ्याच्या वर खोचीत असे की खाली? पोवार शेतकऱ्याच्या अंगात बंडी होती की नुसता दुपट्टा? मालगुजाराच्या अंगरख्याला बंद होते की बटणे? शाळामास्तर कोणती टोपी घालीत? जंगल खात्याच्या शिपायाच्या पायांत पट्ट्या होत्या काय? सत्याग्रह्याची खादी गावात कातलेली की नागपुराहून आणलेली? यांची उत्तरे जुनी छायाचित्रे, गॅझेटियर, संग्रहालये आणि वृद्ध माणसांच्या आठवणी यांतून मिळवावी लागतात.

मग रेखाचित्रे काढली जातात व त्यांबरोबर कापडाचा नमुना जोडला जातो. येथे निषेधाची यादीही महत्त्वाची ठरते. कृत्रिम धाग्याची साडी चालणार नाही, कारण ती १९३० च्या खेड्यात नव्हती. यंत्राने छापलेली आजची नक्षी चालणार नाही. चोळीला चेन तर मुळीच चालणार नाही.

कपडे शिवून झाले, तरी ते नवे असतात. आणि शेतकऱ्याच्या अंगावर रोज नवे कपडे नसतात. म्हणून ते पुन्हा पुन्हा धुवावे लागतात, दगडावर घासावे लागतात, चहाच्या पाण्यात बुडवून काढावे लागतात. हे करतानाही विचार हवा. कावड वाहणाऱ्याचा सदरा खांद्यावर विरतो, नांगर धरणाऱ्याचा पाठीवर घामाने पिवळा पडतो आणि धानाची रोवणी करणाऱ्या बाईचे लुगडे गुडघ्याखाली मातीच्या रंगाचे होते. ज्याने शेत पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. ग्रामीण भागातील तरुणांना या व्यवसायात जे स्वाभाविक भांडवल लाभलेले आहे, ते हेच.

शेवटचे काम नोंदवहीचे असते. एकाच प्रसंगाचे अर्धे चित्रीकरण आज आणि उरलेले पंधरा दिवसांनी होते. तेव्हा पदर कोणत्या खांद्यावर होता, बाही किती दुमडली होती, डाग कोठे होता, हे छायाचित्रासह नोंदविले नाही, तर पडद्यावर एकाच क्षणी दोन निराळे पोशाख दिसतात. पावसाचे किंवा मारामारीचे दृश्य असेल, तर एकाच पोशाखाच्या तीन-चार प्रती तयार ठेवाव्या लागतात.

हातमागाशी नाते

जुन्या काळाचे वस्त्र गिरणीच्या कापडातून सहसा साधत नाही. हाताने विणलेल्या कापडाची वीण किंचित उणीअधिक असते, ते अंगावर निराळे पडते आणि धुतल्यावर निराळे दिसते. म्हणून चांगला वेशभूषाकार शेवटी मागावर बसलेल्या विणकरापर्यंत येतोच.

या दृष्टीने बालाघाट जिल्हा संपन्न आहे. वारासिवनीच्या हातमागाच्या साड्या व कापड यांस २०२३ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. शेजारच्या भंडारा भागात कोशाच्या रेशमावर करवतीच्या दात्यांसारखा काठ विणण्याची कला आहे. काठाचा व अंगाचा रंग निराळा ठेवण्यासाठी विणकर तीन धोटे चालवितो व प्रत्येक ओळीत दोन्ही काठांशी धागे एकमेकांत गुंतवितो. हे काम मंद गतीचे आहे आणि त्यास दुसरा मार्ग नाही. बालाघाट हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. त्यामुळे राज्याची सीमा पडली, तरी काठापदराची आवड दोन्ही बाजूंस एकच राहिली.

विणकराच्या घरातील मुलाने किंवा मुलीने पुढे वेशभूषेचे शिक्षण घेतले, तर धागा, वीण आणि रंग यांचे घरी मिळालेले ज्ञान त्यांना इतरांच्या पुष्कळ पुढे नेऊ शकेल. वडिलांचा धंदा सोडला असे त्यास म्हणता येणार नाही. तो धंदा नव्या ठिकाणी नेला असेच म्हणावे लागेल.

शिक्षण आणि प्रवेश

या व्यवसायासाठी एकच ठरावीक पदवी नाही. भानू अथैया चित्रकलेतून आल्या. इतर कित्येक रंगभूमीवरून किंवा शिवणकामातून आले आहेत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची केंद्रे भोपाळ व मुंबई येथे आहेत. तेथे प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो आणि तीत रेखाटन व कल्पकता यांची कसोटी असते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगमंचाच्या रचनेबरोबर वेशभूषाही शिकविली जाते. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा आहेच. ज्यांना वस्त्रनिर्मितीच्या अंगाने यावयाचे असेल, त्यांच्यासाठी छत्तीसगडमधील चांपा येथे हातमाग तंत्रज्ञानाची संस्था आहे.

पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या व्यवसायात प्रारंभीची काही वर्षे साहाय्यक म्हणून काढावी लागतात. त्या काळात काम अधिक आणि मोबदला अल्प असतो. काम सलग मिळेलच असे नाही, आणि पैसे हाती येण्यास विलंब लागू शकतो. म्हणून कामाचे दिवस, मोबदला आणि श्रेयनामावलीतील नाव यांविषयी लेखी करार करून घेणे हिताचे असते. चित्रपटात काम मिळवून देतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढी साधी कसोटी पुरेशी आहे.

जतन करण्यासारखे

भानू अथैया यांच्या अखेरच्या काळातील एक घटना आपणा सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. आपल्या पश्चात ऑस्करची बाहुली सुरक्षित राहील, अशी खात्री त्यांना येथे वाटली नाही. म्हणून २०१२ साली त्यांनी ती अमेरिकेतील अकादमीकडे जतनासाठी परत सोपविली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे उद्घाटन झाले. परंतु ती बाहुली तोवर दूर गेली होती. आपल्या कामामागील विद्या नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी २०१० साली वेशभूषेच्या कलेवर एक सचित्र इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध केला.

जतनाची गोष्ट संग्रहालयांवर सोपवून चालणार नाही. आपल्या घरातील आजीचे नऊवारी लुगडे, पणजोबांचे पागोटे, लग्नातील शेला, गोंड किंवा बैगा घरातील हाताने विणलेले जुने वस्त्र ही सारी इतिहासाची पाने आहेत. ती विटली म्हणून आपण त्यांची पोतेरी करतो किंवा भांडीवाल्यास देऊन टाकतो. त्यांबरोबर वेशभूषाकारास, इतिहासकारास आणि विणकरास हवी असलेली माहितीही जाते.

शाळांतील शिक्षकांना या बाबतीत अल्प खर्चात पुष्कळ करता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील एका जुन्या वस्त्राची माहिती लिहून आणावी: ते कोणाचे, अदमासे कोणत्या वर्षीचे, लांबी-रुंदी किती, सूत की रेशीम, कोठे विणले, कोणी विणले आणि कोणत्या प्रसंगी नेसत असत. शक्य असल्यास नेसण्याच्या पद्धतीचे छायाचित्र घ्यावे. वस्त्र घरीच राहू द्यावे. केवळ नोंद शाळेत ठेवावी. वस्त्र ठेवताना ते धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ सुती कापडात गुंडाळावे आणि घडीच्या जागा वर्षातून दोनदा बदलाव्यात; अन्यथा जरीचे कापड घडीवरच तुटते. कसरीपासून रक्षण व्हावे म्हणून कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवण्याची आपली जुनी रीत आहेच. मंडईत नाटक करणाऱ्या मंडळांनीही आपल्या कपडेपटाची अशीच यादी करावी.

या नोंदीत ‘कोणी विणले’ हा रकाना कोरा ठेवू नये. एका कोल्हापूरच्या मुलीने वस्त्रांच्या अभ्यासाला जगात प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि ज्या हातांनी ते सूत कातले आणि विणले, त्यांची नावे बहुतेक ठिकाणी अद्याप लिहिली जावयाची आहेत. तो आरंभ आपल्या गावातील शाळेच्या वहीतून होऊ शकतो.